रंगवलेलं दार

बाबा गेल्यावर होबार्टमधला त्यांचा रविवारचा खेळ रोवेनाने चालू ठेवला. टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या गावात सोंगट्या घेऊन हिंडायचं, आणि हिंडणाऱ्याने जे विचारलं ते खेळवणाऱ्याने तिथल्या तिथे रचून सांगायचं. "सगळं रचून ठेवू नये," बाबा म्हणत. "दार तेवढं रंगवावं. कुणी ठोठावलं, तर आतलं बघू."

दीपगृहाचं दार त्यांनी सगळ्यांत शेवटी रंगवलं होतं. आत नुसता पोकळ पुठ्ठा होता.

आज खेळायला आलेल्या क्लॅरीकाकांनी त्यावर नख वाजवलं. "आहे का कुणी घरात? की सगळे प्यायला गेले?"

रोवेनाला तिथे खोकणारा एक म्हातारा बसवता आला असता. त्याचा हिरवा स्वेटर, त्याची हाक मारायची तऱ्हा, सगळं तिला पाठ होतं. पण एकदा सुरू केलं असतं, तर तिला थांबता आलं नसतं.

"आत कुणी नाही," ती म्हणाली.

आतून टकटक झाली.

"वा गं पोरी! थेट बापाची लबाडी," काका हसले. "टेबलाखालून ना?"

रोवेनाचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.

पुन्हा टकटक झाली. या वेळी अगदी हळू, नको म्हटलेल्या माणसाने पुन्हा विचारावं तशी.