दोन एकर फरशी

नांदेडच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनमध्ये धम्मप्रियानं ॲप बनवलं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की हॉलच्या रिकाम्या फरशीवर सोयाबीनचं दोन एकर रान दिसायचं, आणि हातानं तिथली माती उकरताही यायची. रानाच्या मालकाच्या जागी तिनं वडिलांचं नाव टाकलं होतं: निवृत्ती सोनकांबळे. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात रोजानं राबलेला निवृत्ती लेकीचं ॲप बघायला आला होता; तो हेडसेट लावून या बांधापासून त्या बांधापर्यंत चालून आला.

"कसं वाटलं, बाबा?"

"झ्याक हाय. पण चित्रावानी वाटायलंय."

धम्मप्रिया हिरमुसली. तेवढ्यात परीक्षक शेषेराव सरांनी दुसरा हेडसेट लावला. गावाकडं त्यांची वीस एकर जमीन. त्यांना इथं ॲपमध्ये निवृत्तीच्या शेजारचं रान मिळालं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पँट वर ओढून उकिडवे बसले आणि मधला बांध दोन्ही हातांनी कोरायला लागले.

"सर, काय करायलात?" धम्मप्रियानं विचारलं.

"काही न्हाई. वाकडा हाय, जरा सरळ करायलोय."

निवृत्ती तरातरा आला आणि रिकाम्या फरशीवर, सरांच्या हातापुढं मांडी घालून बसला.

"सर, मोजणी आणा. तवर म्या हितून उठत न्हाई."

बापाचा असा आवाज धम्मप्रियानं कधी ऐकलाच नव्हता. निवृत्तीनं तिच्याकडं तोंड वळवलं. हेडसेटखाली तो हसत होता.

"धम्मे, आता रान आपलं वाटायलंय बघ."