विनोदाआधीचं हसू

चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारचा उपदेश आठवडाभर घासूनपुसून तयार केला होता. बायकोलासुद्धा ऐकवला नव्हता. "विनोद एकच ठेवा हं," एवढंच ती म्हणाली होती.

रविवारी व्यासपीठावरून तो विनोद सांगायला त्यांनी श्वास घेतला आणि सगळी मंडळी आधीच खळखळून हसली.

साहेब गोंधळले. सांगून झाला की काय आपला? पहिल्या बाकावर बायकोही रुमालाने डोळे पुसत हसत होती.

त्यांनी पान उलटलं. पुढे आईच्या आजारपणाची हकीकत होती. पहिला शब्द उच्चारण्याआधीच मागून एक म्हातारी हळहळली, "अरेरे, शेवटी पाणीसुद्धा उतरेना का माउलीच्या घशाखाली!"

हे तर त्या पानाच्या तळाशी होतं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागद घडी करून खिशात कोंबले. आता तोंडाला येईल ते बोलायचं. जे आपल्यालाच ठाऊक नाही, ते यांना कुठून कळणार?

त्यांनी व्यासपीठाच्या कडा घट्ट धरल्या आणि तोंड उघडलं. अजून काहीच सुचत नव्हतं.

खाली सगळे चिडीचूप झाले. कोणी त्यांच्याकडे बघेना. बायको तेवढी उभी राहिली, पांढरीफटक.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"