पक्षाचं औषध

"राजेवाल्यांचं औषध माझ्या घरात शिरणार नाही!" जेरेड दारात आडवा उभा राहिला. बाहेर शेजारचा म्हातारा ऑबेड होता. हातात सिंकोनाच्या सालीचा काढा आणि दारूची बाटली. याच औषधावर त्याची बायको तापातून उठली होती.

"अरे जेरेड, ताप काय पक्ष विचारून चढतो?"

"नागरिक म्हण मला!"

"बरं, नागरिक. पोर मरतेय तुझी."

जेरेडने दार आपटलं.

त्या उन्हाळ्यात पिवळ्या तापाने फिलाडेल्फियातली घरंच्या घरं रिकामी केली. पण गल्लीला त्याआधीच पॅरिसचा ताप चढला होता. तिकडे फ्रेंचांनी राजाचं मुंडकं उडवलं आणि इकडे शेजारी शेजाऱ्याचं तोंड बघेना. जेरेडसारखे क्रांतीवाले टोपीला फ्रान्सची तिरंगी फीत लावत आणि फ्रेंचांसारखं एकमेकांना 'नागरिक' म्हणत. ऑबेडसारखे सरकारवाले, म्हणजे जेरेडच्या तोंडी 'राजेवाले', फ्रेंचांच्या नावाने बोटं मोडत. दोघांचे गुत्ते वेगळे झालेच होते, आता औषधंही वाटून घेतली. क्रांतीवाल्यांचा डॉक्टर शीर कापून रक्त काढी, सरकारवाल्यांचा काढा आणि दारू पाजी. माणसं अशी मूर्ख झाली की मूर्खालाही लाज वाटावी! त्यात जेरेड तर टोप्यांचं दुकान सोडून शहराच्या निवडणुकीला उभा होता.

लेक लिडिया अंथरुणात पिवळी पडत चालली होती. पक्षाचा डॉक्टर येऊन वाटीभर रक्त काढून गेला. उद्या पुन्हा काढू म्हणाला. जेरेड सभेला गेल्यावर त्याच्या बायकोने, टॅबिथाने, मागच्या कुंपणावरून ऑबेडकडून काढा आणि बाटली मागून घेतली. ती लेकीला चमचाचमचा पाजू लागली. नशीब असं, की डॉक्टर पुन्हा फिरकलाच नाही. आठवडाभरात लिडियाने खायला मागितलं.

मग काय, जेरेडने गल्ली डोक्यावर घेतली. लेकीच्या हातावरची पट्टी तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. "पाहा नागरिकांनो, आपल्या डॉक्टरने वाचवली!" टॅबिथा ऐकून घेई. पोर वाचली होती, नवऱ्याचा मानही राहिला होता. तिला आणखी काय हवं होतं?

एके सकाळी त्यांच्याच पक्षातल्या एसाची बायको धापा टाकत आली. "भाऊ, पोराचं दोनदा रक्त काढलं. पांढराफटक पडलाय. आता तिसऱ्यांदा काढायचं म्हणतायत. काढू देऊ?"

"बेलाशक! आमच्या लिडियाकडे बघ की."

ती आली तशी पळाली. टॅबिथाने नवऱ्याची बाही धरली.

"अहो, थांबवा तिला! रक्त काढून नाही वाचली लिडिया. मी चोरून ऑबेडचा काढा पाजला. मला हवं ते बोला, पण ते पोर मरेल हो!"

जेरेडने खिडकी लावून घेतली. टोपी डोक्यावर चढवली.

"हळू बोल. निवडणूक तोंडावर आलीय."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी पोरीच्या तोंडाला दारूचा वास आला," जेरेड म्हणाला. "डॉक्टरला पुन्हा येऊ नका म्हणून कोणी सांगितलं, असं वाटतं तुला?"