मालकाची संमती

“तिसऱ्यांदा?” इदवालनं टोपी काढून टेबलावर आपटली. “दोनदा तोंडावर फेकलेला अर्ज पुन्हा पाठवतेस? अगं, तुला नाही तर नाही, निदान टपालवाल्याला तरी लाज वाटू दे!”

“तिसऱ्यांदा,” नेरिस म्हणाली. “आणि परत आला तर चौथ्यांदा.”

चॅपेलच्या मागच्या खोलीत ती सकाळपासून लिहीत बसली होती. हल्ली तिचा मुक्काम तिथेच असे. घरी ती फक्त झोपायला जायची. खाडीत उतरणाऱ्या ओढ्याकाठच्या तिच्या सहा खोल्यांच्या घरात दर उन्हाळ्यात पाहुणे उतरत, पण यंदा तिनं एकालाही ठेवलं नव्हतं. शिंपले काढणाऱ्यांच्या संघटनेचं काम आणि दुखरे गुडघे यांत पाहुण्यांचं कोण बघणार, असं ती सांगे. लोकांना ते पटत होतं, कारण काम खरंच ढीगभर होतं.

खाडीतल्या शिंपल्यांत मैल्याचे जंतू सापडले म्हणून सरकारनं अकरा महिन्यांपूर्वी शिंपले काढायला बंदी घातली होती. चौदा घरांची दाताळी आणि चाळण्या भिंतीला टेकून गंजत होत्या. चाळीस वर्षं भरती-ओहोटी बघून जेवणारा-झोपणारा इदवाल आता गावाबाहेरच्या गोदामात खोकी उचलत होता.

मैला येतो कुठून, हे दाखवल्याशिवाय बंदी उठणार नव्हती. सरकारी माणसं येत, नमुने घेत, मान हलवत आणि निघून जात. म्हणून हा खटाटोप. किनाऱ्यावरच्या छोट्या संघटनांना शास्त्रज्ञ आणि उपकरणं मिळवून देणारा एक निधी होता. तो मिळाला तर संशयित जागेच्या संडासात हिरवा रंग ओतायचा आणि तो खाडीत उतरतो का ते बघायचं, इतकी साधी गोष्ट. पण निधीची अट अशी की जागा एकच आणि नेमकी सांगा, आणि मालकाची लेखी संमती जोडा. दोन्ही वेळा घोडं तिथंच अडलं होतं.

जागा कोणती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. टेकडीवर ग्विलिम प्रॉसरच्या, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या दोनशे कॅरॅव्हॅन उभ्या होत्या आणि उन्हाळ्यात त्यांत हजारभर माणसं राहत होती.

“प्रॉसरचं नाव घातलंस ना?” इदवालनं विचारलं.

“घालायचं तेच नाव घातलंय.”

तेवढ्यात दार न वाजवता खुद्द प्रॉसरच आत आला. बूट चकचकीत, हसू त्याहून चकचकीत.

“नेरिसबाई, ऐकलं की पुन्हा अर्ज चाललाय. म्हटलं आधीच सांगावं. मी सही देणार नाही. आणि माझं नाव कुठल्या कागदावर दिसलं, तर माझा वकील येईल.”

“येऊ दे की. चहा देऊ त्याला.”

“आमच्या मैल्याच्या टाक्या दर वर्षी तपासल्या जातात. दाखले आहेत माझ्याकडे. तुमच्यातल्या किती जणांनी स्वतःच्या परसातल्या टाकीचं झाकण उघडून पाहिलंय?”

नेरिसची कानशिलं तापली.

“हे पाहा,” प्रॉसरचा आवाज मऊ झाला, “संघटनेला नवी शेड बांधून देतो. धुवायला, चाळायला, सगळं एका छपराखाली. अर्ज तेवढा बाजूला ठेवा.”

“शेडमध्ये काय चाळायचं? तुमचे दाखले?” ती उठून उभी राहिली. “बाराच्या टपालाने हा अर्ज जाणार. तुम्ही आडवे पडलात तरी जाणार. आणि तुमच्या सहीवाचून माझं काही अडलेलं नाही.”

प्रॉसर गेला. इदवाल मात्र खूश होण्याऐवजी तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

“सहीवाचून अडलेलं नाही म्हणजे?”

तिनं उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. निधीच्या कार्यालयातली बाई होती. आवाज कोरडा, पण वाईट नव्हता.

“या वेळी तरी मालकाची संमती आहे ना?”

“आहे.”

“रंग खाडीत उतरला तर मालकाचं नाव जाहीर होईल. नोटीस येईल, जागा बंद होईल, दुरुस्ती त्यांच्याच माथी. त्यांना हे समजावलंय?”

“त्यांना सगळं ठाऊक आहे.”

“कुणी दबाव तर आणला नाही?”

“दबावाला बधणारं ते माणूस नाही, बाई.”

तिनं फोन ठेवला. इदवाल पांढराफटक पडला होता.

“आत्ता इथे उभं राहून तो नाही म्हणून गेला! नेरिस, खोटी सही केलीस तू. तू तुरुंगात जाशीलच, पण चौदा घरांचं नाव पण बुडवशील. पुन्हा कोण दारात उभं करील आपल्याला?”

“तीस वर्षांत मी कधी चाळणीतून पडणारं बारकं शिंपलं विकलंय?”

“नाही.”

“मग कागदावर लबाडी करीन?”

“मग दाखव ना!”

नेरिसनं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

“वाच. आणि वाचल्यावर माझ्याबद्दल जे काही म्हणायचं असेल, ते संध्याकाळच्या बैठकीत चौदा घरांसमोर उभं राहून म्हण. मी येणार आहे, मागच्या बाकावर बसणार नाही. पण त्याआधी हे टपालात पडलं पाहिजे.”

इदवालनं चष्मा चढवला. अर्जाची पानं त्यानं भराभर उलटली आणि शेवटचा कागद उजेडात धरला. जागेच्या रकान्यात टेकडीचं नाव नव्हतं. त्याखाली मालकाच्या रकान्यात, ठसठशीत अक्षरांत, लिहिलं होतं: नेरिस बेव्हन, राहते घर, ओढ्याकाठ.