टाचेला लागलेला अंगठा

"पान एकोणचाळीस," मागून कुणीतरी ओरडलं आणि आष्टीच्या वाचनालयातल्या शंभरेक खुर्च्या आधीच हसल्या.

माइकसमोर कल्याण उभा होता. एकेकाळचा जिल्ह्याचा कबड्डीपटू, पोलिसातून निवृत्त झाल्यावर विनोदी किस्से लिहायला लागलेला. पुस्तकाची ही तिसरी आवृत्ती. पान एकोणचाळीस त्याला पाठ होतं. लोकांनाही होतं.

पहिल्या रांगेत पंक्चर काढणारा याकूब बसला होता. शेजारी त्याची नात आसिफा, आठवीतली.

तासाभरापूर्वी याकूबनं कल्याणला दाराशी गाठलं होतं, चपला काढता काढता. फार बोलणं नव्हतं. पोरगी शाळेच्या संघात आहे, चढाई चांगली करते. पण गडी शिवून आली आणि लागलं म्हणाली, की समोरच्या पोरी दात काढतात, भूतवाल्याची नात म्हणतात. परवा तर पंचही हसला आणि गुण दिला नाही.

"माहं जाऊ दे, कल्याण. माही जिंदगी गेली त्या नावात," याकूब म्हणाला होता. "पन पोरीचा टच कोनी मानून न्हाई राह्यलं. एकदा सांग लोकायला. बस."

बघतो, असं कल्याण म्हणाला होता.

आता तो वाचत होता.

"खरं सांगून राह्यलो. निवड चाचणीचं शेवटचं मिनिट. संघात जागा एक, दावेदार दोघं. याकूब चढाईला आला, गर्रकन फिरला आणि परत जाऊन नाचायला लागला, लागलं, लागलं. पंचांनी विचारलं, कुणाला? त्यानं माझ्याकडं बोट केलं. पंचांनी माझ्याकडं पाहिलं. मी"

इथं तो थांबला.

पुढचं छापील असं: मी म्हणालो, साहेब, मला तर वारासुद्धा शिवला नाही. पंच म्हणाले, मग हा भुताला शिवून आला असंल. तेव्हापासून याकूब भूतवाला. पंक्चर काढायचं झालं की लोक म्हणतात, भूतवाल्याकडं जा, नसलेलं भोकसुद्धा त्याला दिसतं.

न छापलेलं असं: याकूबच्या पायाचा अंगठा लागला होता. डाव्या टाचेला, ओल्या मातीचा, थंडगार. पंचाला दिसलं नाही तर ज्याला लागलं त्यानं आपणहून हात वर करायचा, ही रीत. गल्लीत खेळणारी पोरंसुद्धा ती पाळत. कल्याणचा हात निघालाही होता. खांद्यापर्यंत आला होता. तिथून त्यानं तो कपाळाकडं वळवला आणि घाम पुसला.

बस, एवढंच. घाम पुसला. मग संघ, संघावरून खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, नोकरीवर घर, आणि त्या घरात बसून लिहिलेले किस्से.

लोक वाट बघत होते. काहींच्या ओठांवर पुढचं वाक्य आलंही होतं. वारासुद्धा, वारासुद्धा.

कल्याणनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उजवा हात वर केला. पूर्ण वर, कोपर सरळ.

"मला लागलं होतं," तो म्हणाला. "डाव्या टाचेला. मी खोटं बोललो."

सभागृह हशानं फुटलं. खुर्च्या करकरल्या, कुणाला ठसका लागला. अध्यक्ष अण्णासाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "नवा शेवट जमलाय, कल्याणराव," ते म्हणाले. "चौथ्या आवृत्तीत टाकाच."

"न्हाई. खरं सांगून राह्यलो."

त्यावर तर मागचे लोक एकमेकांच्या अंगावर पडले. त्याचा प्रत्येक किस्सा याच वाक्यानं सुरू व्हायचा.

हात वरच होता. खांदा दुखायला लागला होता. साठीतला खांदा, आणि तोही एकदा निखळलेला. त्यानं पहिल्या रांगेकडं पाहिलं. याकूब मांडीवरच्या टोपीची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. आसिफा मात्र सरळ त्या हाताकडं बघत होती. हसणं जरा ओसरलं तेव्हा तिनं आजोबांना विचारलं, हळू, पण कल्याणला ऐकू जाईल इतकं:

"हात तो उठाये ना, दादा. मंग बाहर कायकू नै जाते?"



खरंच होतं. हात वर केलेल्यानं मैदानात उभं राहायचं नसतं.

कल्याण मंचाच्या तीन पायऱ्या उतरला. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. ॲक्टिंग बघा, कुणीतरी म्हणालं. तो खुर्च्यांच्या मधून चालत गेला, कुणाशी नजर न मिळवता, आणि शेवटच्या रांगेमागं, दाराजवळच्या चपलांपाशी जमिनीवर मांडी घालून बसला. बाद झालेले गडी रेषेबाहेर बसतात तसा. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

टाळ्या थोडा वेळ चालल्या. मग लोक माना वळवून त्याच्याकडं बघत राहिले, पुढं काय करतो म्हणून. तो पुढं काही करत नव्हता. हसू एकेका खुर्चीतून खाली उतरायला लागलं, काहींच्या तोंडावर अर्धंच राहिलं. मंचावर अण्णासाहेब माइकवर बोट वाजवून बघत होते.

खुर्च्यांच्या मधल्या वाटेतून कल्याणला पहिली रांग नीट दिसत होती. तिथं आसिफानं आजोबांकडं बघून एक बोट वर केलं, पंच गुण देतो तसं.

"मेरा जाने दे," म्हणत याकूबनं ते बोट आपल्या मुठीत घेतलं आणि हळूच खाली केलं.