बिनऔषधाच्या तीन ओळी

पाहणीच्या दिवशी सकाळी भागूबाई वाडीत आली, तेव्हा विहिरीकडच्या तीन ओळींतल्या वांग्यांनी माना टाकल्या होत्या. शेजारच्या तीन ओळी ताठ उभ्या होत्या.

निर्मळ गावातल्या तिच्या या वाडीत कंपनीच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. तीन ओळींना औषध, तीन ओळींना नुसतं पाणी. दोन महिने दर सोमवारी कंपनीची संजना बोळिंजहून स्कूटरवर यायची, दोन्हीकडची वांगी वेगवेगळी तोलायची आणि वजनं वहीत लिहायची. भागूबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण टोपल्या तीच उचलायची. दोन्ही टोपल्या हाताला सारख्याच लागायच्या.

तिनं एका सुकलेल्या झाडाच्या बुंध्याशी बोटानं उकरलं. चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. मग पदर खोचून ती बांधावर बसून राहिली.

नऊ वाजता संकेत साहेब आले. कंपनीचे या भागातले मोठे अधिकारी. त्यांच्यामागे गिरीज-निर्मळचे वीस-पंचवीस बागायतदार आणि सगळ्यांत शेवटी संजना. साहेबांनी पत्रकं वाटली. ‘शास्त्रीय चाचणीत सिद्ध : दुप्पट उत्पादन.’ पत्रकं महिनाभरापूर्वीच छापून आली होती, हे संजनाला माहीत होतं.

“मी काही बोलायची गरजच नाही,” साहेब म्हणाले. “इकडे आमचं औषध, तिकडे बिनऔषधाचं. तुमच्या डोळ्यांनी बघा.”

संजनानं सुकलेल्या ओळी पाहिल्या आणि हातातली वही छातीशी धरली.

भागूबाई उठली. “काल सांजेला ही झाडं बरी होती. पानी मीच घातलं.”

“मावशी, मर रोग आहे हा. बघता बघता झाड जातं. औषध नसलं की असंच होतं.”

“रोग खारा असतो?”

भागूबाईनं वाकून मूठभर माती उचलली.

“माझा बाप मिठागरात राबला. मीठ मला कोनी वळखायला शिकवू नये. मी गेल्यावर या तीन ओळींत कोनीतरी मिठाचं पानी ओतलंय. खाडी काय चालत येत नाय माझ्या वाडीत.”

तिनं हात पुढे केला. शेजारच्या वाडीतले श्रीपतदादा पुढे आले. त्यांनी माती चाखली, बाजूला थुंकले, ओठ पुसले.

“खारी हाय,” ते म्हणाले.

मग दुसरा हात पुढे आला. मग तिसरा.

“अहो, माती चाटून कुठे संशोधन होतं का?” साहेब हसले. मागे कुणी हसलं नाही.

मूठ अर्धी रिकामी झाली, तेव्हा भागूबाई संजनासमोर जाऊन उभी राहिली. “पोरी, तू शिकलेली. तू पन बघ.”

“संजना, गाडीत बस,” साहेब म्हणाले. “रिपोर्ट वर गेलाय. आता इथे काही करायचं नाहीये.”

संजनानं चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. ती थुंकली नाही. मग तिनं वहीचं पहिलं पान उघडलं.

“पहिला सोमवार,” तिचा आवाज बारीक निघाला. “औषधाच्या ओळी, एकोणीस किलो. बिनऔषधाच्या, वीस.”

“ती वही कंपनीची आहे,” साहेब तिच्याकडे सरकले. श्रीपतदादा मध्ये येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी दोघे आले.

“दुसरा सोमवार,” संजना म्हणाली.

“मोठ्यानं वाच,” भागूबाई म्हणाली. “मागच्यांना ऐकू जात नाय.”