चढावरची ठकठक

सारजाबाईचा नवरा रावजी होटगीच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर होता. तो तापाने गेला, तरी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती मोटार रोज संध्याकाळी घराजवळच्या चढावर तशीच ठकठक करत यायची आणि लहानगी लेक “आबा आलं!” म्हणत रस्त्याकडे पळायची. शेवटी सारजाबाई ती मोटार दुरुस्त करणाऱ्या कासीम मिस्त्रीकडे गेली. “भाई, तेवढा आवाज घालवा की. पोरीला सांगून सांगून दमले.” “पेट्रोल हलकं हाय, म्हणून इंजिन ठोकतंय. बघतो, वैनी.” मिस्त्रीने वेगवेगळ्या डब्यांतलं पेट्रोल भरून दरवेळी मोटार चढावर नेली, कान देऊन ऐकलं. एका पेट्रोलवर ठकठक थांबली. तेच भरून इंजिनाचं टायमिंग जुळवलं. संध्याकाळी मोटार घरावरून गेली. अंगणात खेळणाऱ्या लेकीने मानही वर केली नाही. सारजाबाई मात्र चुलीपाशी त्याच आवाजाची वाट बघत होती. दारात आली तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. तिला रडू आवरेना.